हिंदकळलेलं पाणी

पाटबंधारे खात्यात मी चौतीस वर्षं काढली. त्यांतली बरीचशी एका मध्यम धरणावर गेली. धरणाचं नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात एका साहेबांचा आणि माझा असा दोघांचा वाटा आहे. साहेब आता हयात नाहीत आणि माझा वाटा मोठा आहे.

धरणाच्या भिंतीला लागून एक अरुंद विहीर बांधलेली होती. तिला खालून बारीक नळानं जलाशयाचं पाणी जोडलेलं. त्या विहिरीत एक तरंगता डबा, त्याला तार, तारेला पेन, आणि पेनासमोर घड्याळावर फिरणारा कागद गुंडाळलेला पिंप. पाणी चढलं की पेन वर, उतरलं की खाली. सोमवारी जुना कागद काढायचा, नवा लावायचा आणि आठवड्याची रेघ वाचून वहीत आकडे भरायचे. वर्षानुवर्षं ही रेघ म्हणजे माझं वाङ्मय होतं. पावसाळ्यात ती जिन्यासारखी चढायची, रब्बीचं आवर्तन सुटलं की आळसावल्यासारखी उतरायची.

२९ जानेवारी २००१ च्या सोमवारी मी कागद काढला तेव्हा त्या उतरत्या रेघेवर एका जागी उभा काळा फराटा दिसला. शुक्रवार सकाळ, पावणेनऊच्या आसपास. उंची कागदावर जेमतेम अर्धा सेंटीमीटर. आमच्या प्रमाणानं पाण्याचे पाच सेंटीमीटर. फराट्याच्या आधीची रेघ आणि नंतरची रेघ एकाच पातळीवर. म्हणजे पाणी वाढलं नव्हतं, घटलंही नव्हतं. पेन एकाच जागी उभं राहून वरखाली, वरखाली करत बसलं होतं.

तो शुक्रवार म्हणजे २६ जानेवारी, भूजचा भूकंप. झेंडावंदन आटोपून आम्ही चहा घेत होतो आणि कचेरीतला टांगता दिवा झोके घेत होता, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. तरीही साहेब म्हणाले, "पेन अडकलं असेल हो. भूकंप गुजरातेत, आपलं तळं इथं. शेरा मारा." मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : उपकरण दोष. पेनात काही दोष नव्हता, हे मला माहीत होतं. सकाळीच मी ते पुसून, शाई भरून तपासलं होतं. पण वरून काही विचारणा झाली तर उत्तर काय द्यायचं? दोन-तीन वर्षांनी ते कागद रद्दीत गेले.

पुढे जवळजवळ चार वर्षांनी ज्या दिवशी मला तो फराटा आठवला, तो दिवस जगालाच आठवतो. २६ डिसेंबर २००४, रविवार. माझी धाकटी बहीण खरगपूरला असते. मेहुणे रेल्वेत होते. त्यांच्या एका सहकाऱ्याच्या गावी, मेदिनीपूर भागात, आम्ही आदल्या संध्याकाळी मुक्कामाला गेलो होतो. बंगालच्या खेड्यात प्रत्येक घरामागे पुकुर, म्हणजे पोखरण, असतंच. सकाळी साडेसहा उलटून गेले होते. थंडी होती, धुकं होतं, वारा अजिबात नव्हता. मी काठावर उभा राहून दात घासत होतो. समोरच्या पायरीवर एक बाई भांडी घासत होती.

प्रथम तिची परात हलली. मग पायरीवरचं पाणी मागे सरकलं, चिखल उघडा पडला, आणि काही क्षणांनी तेच पाणी परत येऊन वरची पायरी भिजवून गेलं. समोरच्या काठावर याच्या बरोबर उलटं चाललं होतं : इकडे चढलं की तिकडे उतरायचं. एका काठाला धरून कोणीतरी अख्खं पोखरण परातीसारखं कलतं करत असावं तसं. पायाखाली मला काहीही जाणवलं नाही. बाईनं परात उचलून घेतली आणि ओरडून कोणाला तरी हाक मारली. सात-आठ मिनिटांत सारं शांत झालं. दुपारी टीव्हीवर सुमात्रा आणि तमिळनाडूच्या बातम्या येऊ लागल्या तेव्हा कोणाला पोखरणीची आठवण राहिली नाही, आणि ते योग्यच होतं. त्या वर्षी बंगालमध्ये, बांगलादेशात, ईशान्येत अनेक ठिकाणी तळी अशी हलल्याच्या नोंदी नंतर वाचायला मिळाल्या.

निवृत्त झाल्यावर मी या विषयाच्या मागे लागलो. विद्वान म्हणून नव्हे. एक शेरा चुकीचा मारला होता, तो निदान स्वतःपुरता दुरुस्त करावा म्हणून.

डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालणाऱ्या बाईला हे शास्त्र शिकवावं लागत नाही. हंडा काठोकाठ भरला आणि चाल एका विशिष्ट वेगाची झाली की पाणी हिंदकळतं, मानेवरून ओघळतं. चाल जरा हळू केली किंवा भरभर केली की थांबतं. काही बाया हंड्यात पळसाचं पान नाहीतर डहाळी टाकतात, ती त्यासाठीच. प्रत्येक भांड्यातल्या पाण्याला स्वतःचा एक ठेका असतो. बाहेरून मिळणारा धक्का त्या ठेक्याशी जुळला, की प्रत्येक धक्का आधीच्यात भर घालत जातो. झोपाळ्यावरच्या मुलाला नेमक्या वेळी एका बोटानं ढकललं तरी झोका वाढत जातो, तसंच.

तळं हेही भांडंच. बाझलच्या योहान मेरियान या गणितज्ञानं १८२८ मध्ये या ठेक्याचं सूत्र मांडलं आणि ते इतकं सोपं आहे की ओव्हरसियरच्या डायरीच्या मागच्या पानावर मावतं. तळ्याच्या लांबीची दुप्पट करायची. खोलीला गुरुत्वत्वरणानं, म्हणजे ९.८ नं, गुणून वर्गमूळ काढायचं. पहिल्याला दुसऱ्यानं भागायचं. येतील तितक्या सेकंदांत पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर जाऊन परत येतं. मी त्या पोखरणीचा अंदाज केला : लांबी चाळीस मीटर, खोली दोन. उत्तर आलं अठरा सेकंद.

आता भूकंपाकडे पाहू. भूकंपात सगळ्यात विध्वंसक असतो तो जवळचा, झटपट हादरा, सेकंदात अनेकदा. तो शेकडो किलोमीटर जाईपर्यंत विरून जातो. मागे उरतात त्या लांब, संथ लहरी. त्या पृथ्वीच्या पृष्ठभागालगत, सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगानं, हजारो किलोमीटर जातात. त्यांतल्या जोरकस लहरींचा ठेका पंधरा-वीस सेकंदांचा असतो. माणसाला त्या कळत नाहीत. जमीन इतक्या सावकाश मागेपुढे सरकते की आपण तिच्याबरोबर सरकतो. पाणी मात्र सरकायला आळशी. आणि अठरा सेकंदांच्या पोखरणीला वीस सेकंदांची लहर म्हणजे ठेक्यावर पडलेली थाप. मेदिनीपूर त्या भूकंपाच्या केंद्रापासून तेवीसशे किलोमीटरच्या आसपास आहे. लहरींना तिथं पोचायला साधारण अकरा मिनिटं. भूकंप आपल्या घड्याळाप्रमाणे सहा वाजून एकोणतीस मिनिटांनी झाला होता. बाईची परात हलली ती सहा-चाळीसच्या सुमारास. त्सुनामीची लाट अजून समुद्रातच होती, तमिळनाडूच्या किनाऱ्यापासून दूर. हा विचार मनात आला की अजूनही अस्वस्थ व्हायला होतं. त्या पोखरणीला बातमी आधी कळली होती. वाचणारं कोणी नव्हतं.

आमच्या धरणाचाही हिशेब केला. भिंतीशेजारी एका जुन्या ओढ्याच्या खोऱ्यात पाण्याची चिंचोळी बगल शिरली होती. शंभर मीटर रुंद, आठ मीटर खोल. ठेका : बावीस-तेवीस सेकंद. उपकरण दोष!

या हेलकाव्याला शास्त्रात 'सेश' म्हणतात. शब्द जिनिव्हा सरोवराकाठच्या फ्रेंच बोलीतला. तिथं सरोवराचं पाणी अधूनमधून विनाकारण चढतं-उतरतं हे लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल या प्राध्यापकानं एकोणिसाव्या शतकात त्याचा पाठपुरावा केला. त्या सरोवराचा पूर्ण ठेका त्र्याहत्तर मिनिटांच्या आसपास आहे. अर्थातच वीस सेकंदांच्या भूकंपलहरी त्याला लांबीच्या दिशेनं काय हलवणार? तिथं ते काम वारा आणि हवेचा दाब करतात. म्हणून मोठ्या भूकंपात मोठी सरोवरं हिंदकळतात आणि छोटी तळी स्वस्थ राहतात, ही आपली स्वाभाविक समजूत बरेचदा उलटी ठरते. मराठीत मला 'हिंदकळा' हा शब्द पुरेसा वाटतो. पारिभाषिक कोशकारांनी काय योजला असेल तो असो.

युरोपानं या गोष्टीची पहिली मोठी नोंद घेतली ती १ नोव्हेंबर १७५५ रोजी. सकाळी लिस्बन शहर भूकंपानं, लाटेनं आणि आगीनं उद्ध्वस्त होत होतं आणि त्याच दिवशी सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या स्कॉटलंडात लॉक लोमंडचं पाणी वारा नसताना काठावर चढू लागलं. काही मिनिटांत उन्हाळ्यासारखं ओसरलं, पुन्हा चढलं. काठावरच्या कोणी चिकित्सक माणसानं चढ मोजला : दोन फूट चार इंच. इंग्लंडातल्या तळ्यांतून, गोद्यांतून अशीच पत्रं लंडनच्या रॉयल सोसायटीकडे आली आणि तिच्या नियतकालिकात छापली गेली. लिहिणाऱ्यांना लिस्बनची बातमी नव्हती. बातमी घोड्यावरून आणि जहाजावरून येणार होती, आठवड्यांनी. त्यांनी फक्त पाहिलं ते लिहिलं. शेऱ्याच्या रकान्यात काय लिहायचं ते त्या लोकांकडून शिकावं.

'भूकंपी सेश' ही संज्ञा मात्र आपल्या भूकंपावरून आली, हे फारसं कोणाला ठाऊक नसतं. १५ ऑगस्ट १९५० च्या संध्याकाळी आसाम-तिबेट सीमेवर ८.६ परिमाणाचा भूकंप झाला. नॉर्वेतल्या फियॉर्डांत आणि तळ्यांत, तसंच इंग्लंडातल्या काही जलाशयांत पाणी हललं. आंदेर्स क्वाले या नॉर्वेजियन भूवैज्ञानिकानं १९५५ मध्ये त्याचा अभ्यास मांडताना हा शब्द घडवला. नॉर्वेत ते कुतूहल होतं. त्याच भूकंपानं आसामात काय केलं ते पुढे येईल.

पुढचा मोठा पुरावा अलास्काचा. २७ मार्च १९६४, परिमाण ९.२. अमेरिकेत नद्या-तलावांवर पाणी मोजणारी माझ्यासारख्यांची यंत्रं हजारोंनी होती. मॅकगार आणि व्होरहिस या दोघांनी ती सगळी रेखाटनं मागवून तपासली : ६,४३५ पैकी ७६३ यंत्रांवर हिंदकळा उमटलेला होता. ऑस्ट्रेलियातसुद्धा चार ठिकाणी. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्या ७६३ कागदांवर नेमका तोच उभा फराटा होता आणि तिथल्या कोणीतरी ते कागद जपून ठेवले होते.

गंमत अशी, की सर्वांत जास्त नोंदी अलास्काशेजारी नव्हत्या. मेक्सिकोच्या आखाताला लागून असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत होत्या, चार-पाच हजार किलोमीटरवर. लुइझियानात बोटी दोरखंड तोडून सुटल्या. कारण तिथली जमीन. नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचे थर किलोमीटरच्या हिशेबात खोल आहेत आणि मऊ गाळात लहरींचा आवाका वाढतो. बंगालची कथा तीच : गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ आणि त्यावर घरोघर खणलेली, नेमक्या आकाराची पोखरणं. १७६२ च्या अराकान भूकंपातही कलकत्त्याच्या तळ्यांचं पाणी उसळल्याची पत्रं आहेत. आपला दख्खनचा पठारी काळा कातळ त्या मानानं घट्ट. पाच सेंटीमीटरांचा फराटा आणि बंगालची भिजलेली पायरी यांतला फरक मला वाटतं बराचसा इथून येतो.

मोठं पाणीही हलतं, पण आडवं. ११ मार्च २०११ ला जपानचा भूकंप झाल्यावर अर्ध्या तासानं, सकाळी सातच्या सुमारास, नॉर्वेतल्या सोन्यफियॉर्डचं पाणी काठावर चढ-उतर करू लागलं. दीड मीटरपर्यंत, आणि हे सुमारे तीन तास चाललं. लोकांनी मोबाइलवर चित्रं घेतली म्हणून शास्त्रज्ञांना वेळा मिळाल्या. फियॉर्ड लांबीला दोनशे किलोमीटर, पण रुंदीला चार-पाच आणि खोलीला हजार मीटरच्या वर. रुंदी धरून मेरियानचं सूत्र लावलं की दीड मिनिटाच्या आसपास उत्तर येतं. आणि मोजलेला ठेकाही ६७ ते १०० सेकंदांचाच होता. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिल्स होल नावाची एक पाण्यानं भरलेली कपार आहे. बोटाच्या पेराएवढा एक निळा मासा जगात फक्त तिथंच, कपारीच्या उथळ कडेवरचं शेवाळ खाऊन जगतो. २०२२ च्या सप्टेंबरात मेक्सिकोत भूकंप झाला आणि वीसेक मिनिटांत तिथं चार फुटांच्या लाटा उठून ती कड धुऊन निघाली. माश्यांना त्याची सवय असावी.

आतापर्यंत सांगितलं त्यात पाणी फक्त हललं; तळ्याचा साठा थेंबानंही बदलला नाही. धरणावरच्या माणसाला हा भेद महत्त्वाचा असतो, कारण पातळी बदलली की त्याचा पहिला प्रश्न 'गळती तर नाही ना?' हा असतो. भूकंप जवळचा असला की प्रकरण वेगळं होतं. तिथं भांडंच वाकडं होऊ शकतं.

१७ ऑगस्ट १९५९ च्या मध्यरात्रीच्या सुमारास अमेरिकेतल्या माँटाना राज्यात हेबगेन सरोवराखालची जमीन खचली आणि कलली. हेबगेन हे आपल्यासारखंच मातीच्या धरणामागचं जलाशय. उत्तर काठाची जमीन काही ठिकाणी वीसेक फूट खाली गेली. तिथले रस्ते आणि खोल्या पाण्यात, तर दक्षिण काठावरच्या होड्या कोरड्या चिखलात. साठा तोच, पण एका काठावर पूर आणि दुसऱ्यावर दुष्काळ. वरून हे सारं पाणी नव्या तळावर समतोल शोधत सतरा मिनिटांच्या ठेक्यानं हिंदकळत राहिलं आणि तीन-चार वेळा धरणाच्या माथ्यावरून पलीकडे गेलं. मातीचं धरण माथ्यावरून वाहणं म्हणजे काय, हे आमच्या खात्यातल्या कोणालाही विचारा. ते धरण तडे जाऊन का होईना, टिकलं. माणसं गेली ती खालच्या दरीत. तिथं डोंगराची कड कोसळून मॅडिसन नदी अडली, तंबूत झोपलेले प्रवासी गाडले गेले. मृतांचा एकूण आकडा अठ्ठावीस. अडलेल्या नदीचं नवं सरोवर झालं. ते आजही आहे, आणि त्याचं नावच भूकंपाचं सरोवर असं आहे.

कड कोसळून तळ्यात पडली तर आणखी वेगळं. १८ सप्टेंबर १६०१ ला स्वित्झर्लंडात मध्यम आकाराचाच भूकंप झाला, पण लुसर्न सरोवराच्या उतारांवरचा गाळ पाण्याखाली घसरला, कडे तुटून आत पडले. शहराचे लेखनिक रेनवार्ड सिझाट यांनी दुसऱ्या दिवसाचं जे वर्णन लिहून ठेवलंय, ते चकित करतं : सरोवरातून निघणारी रॉइस नदी दर तासाला कित्येकदा आटत होती, उलटी सरोवराकडे जात होती, पुन्हा भरत होती, लोक कोरड्या पात्रातून चालले. चारशे वर्षांनी झुरिकच्या संशोधकांनी सरोवराच्या तळाचा गाळ तपासला, तेव्हा सिझाटनं वर्णिलेल्या घसरणीचे थर तर मिळालेच, शिवाय त्याखाली इतिहासपूर्व भूकंपांचेही मिळाले.

आपल्याकडचं सर्वांत ठळक उदाहरण कच्छचं. पेशवाई बुडाली त्याच्या पुढच्या वर्षी, १६ जून १८१९ रोजी, कच्छच्या रणात मोठा भूकंप झाला. सिंद्री नावाचा छोटा किल्ला, जकातीचं नाकं, जमिनीसह खाली गेला. समुद्राचं पाणी आत आलं आणि तिथं सरोवर झालं. नाक्यावरची माणसं एका बुरुजावर अडकली; दुसऱ्या दिवशी होडीतून सुटली. उत्तरेला ऐंशी-नव्वद किलोमीटर लांबीचा उंचवटा वर आला. सिंधकडच्या राज्यकर्त्यांनी बांधलेले बंधारे लोकांच्या ओळखीचे होते. हा मात्र कोणी बांधला नव्हता, म्हणून त्याला 'अल्लाबंद' म्हटलं गेलं. १८२६ मध्ये सिंधूला पूर येऊन तिनं हा बांध फोडला. थोड्याच काळात अलेक्झांडर बर्न्स तिथं गेला आणि त्याच्या माहितीवरून चार्ल्स लायलनं हे प्रकरण आपल्या भूविज्ञानाच्या ग्रंथात घेतलं. नवं सरोवर एका दिवसात जन्मतं, हे युरोपला शिकवणारं उदाहरण रणातलं आहे.

आणि १९५० चं आसाम. नॉर्वेत पाणी हलत होतं तेव्हा अरुणाचलच्या डोंगरांत कडे कोसळून सुबनसिरी नदी अडली होती. मागे पाणी साचत राहिलं. आठव्या दिवशी तो बांध फुटला आणि सात मीटर उंचीची लोंढ्याची भिंत खालच्या गावांवर गेली. पाचशेच्या वर माणसं बुडाली. भूकंपात वाचलेली माणसं. २००८ मध्ये चीनमधल्या सिचुआनच्या भूकंपात तांगजियाशान इथं असंच सरोवर झालं तेव्हा खालची अडीच लाख माणसं हलवून, बांधात चर खणून पाणी बेतानं सोडलं गेलं. एवढा फरक पन्नास-साठ वर्षांत पडला. भूकंपानंतर नदी अचानक आटली तर वरच्या अंगाला पाहायला माणूस पाठवा, हे वाक्य माझ्या मते प्रत्येक डोंगरी तालुक्याच्या कचेरीत भिंतीवर असायला हवं.

आता आत्याकडे यायला हवं. खरं तर सुरुवात तिच्यापासूनच करायची होती.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट, चार वाजून एकवीस मिनिटं. मी कराडला शास्त्र शाखेत शिकत होतो. खाटेवरून खाली पडलो. कोयनानगर जमीनदोस्त झालं, पावणेदोनशेवर माणसं गेली. 'धरण फुटलं' अशी आवई उठली. एकशे तीन मीटर उंचीच्या त्या भिंतीला तडे गेले, पण ती फुटली नाही. तिसऱ्या दिवशी मी पाटण तालुक्यातल्या आत्याच्या गावी पोचलो. घराची एक भिंत पडली होती, माणसं ठीक होती. आत्या मला थेट परड्यातल्या पायऱ्यांच्या विहिरीवर घेऊन गेली. "ह्ये बग. परवा रातीच्याला पानी हितवर हुतं. आता चार पायऱ्या खाली ग्येलंय. आन् कसं ताकावानी झालंय." शिवाय तिनं सांगितलं की भूकंपाच्या आदल्या सांजेला पाणी दोन पायऱ्या वर चढलं होतं.

मी एकोणीस वर्षांचा आणि शास्त्राचा विद्यार्थी. म्हणालो, "आत्या, भ्यालीस तू. अंधारात काय दिसलं असेल? पावसाळा संपला की विहिरी उतरतातच." ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुज्या पुस्तकात आमची हिर हाय का रं?" आणि आत गेली. पुढे तिनं माझ्याशी विहिरीचा विषय कधी काढला नाही.

पुस्तकात तिची विहीर होती, मी वाचलं नव्हतं. भूकंपात जमिनीचा एक पट्टा दाबला जातो, दुसरा ताणला जातो. कातळाच्या भेगांतलं पाणी दाबलं गेलं तर विहिरीत चढतं, भेगा ताणल्या तर उतरतं. हादऱ्यानं गाळानं बुजलेल्या फटी मोकळ्या होतात, पाणी नव्या वाटेनं खाली जातं आणि विहीर गढूळ होते. दुष्काळी आटलेले झरे भूकंपानंतर कित्येक महिने वाहिल्याची उदाहरणं आहेत. अलास्काच्या भूकंपात तर दक्षिण डाकोटातल्या बेल फूर्श इथल्या एका विहिरीत पाणी तेवीस फुटांत वरखाली झालं होतं. चार पायऱ्या आणि ताकासारखं पाणी, यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं.

आदल्या सांजेचं मात्र मी अजूनही मान्य करत नाही. मोठ्या घटनेनंतर आदल्या दिवसाची स्मृती तिच्याकडे झुकते. आणि 'आदल्या दिवशी विहीर चढली' अशी सांगोवांगी जगभर असली, तरी तिच्यावरून भूकंपाचं भाकीत करण्याची खात्रीची रीत अजून कोणाला साधलेली नाही. प्रश्न मूर्खपणाचा नव्हता, एवढं नक्की. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं कोयना-वारणा भागात एकवीस बोअर खणून पाण्याची पातळी सतत मोजायला घेतली, ती बरीचशी याच प्रश्नासाठी. भूकंपाच्या क्षणी काही सेंटीमीटरांचे चढ-उतार त्या बोअरांत नोंदले गेले. कोयनेत तर प्रश्न दोन्ही अंगांनी आहे : तिथं जलाशय भरल्यामुळे भूकंप सुरू झाले, आणि भूकंपानं पाणी हलतं. पाऊस पडून शिवाजीसागर भरला की काही काळानं धक्के वाढतात, हे हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं दाखवलेलं आहे. पाण्याचा दाब भेगांतून खोल झिरपत जातो. आत्याची विहीर त्या व्यवहारातलं एक छोटं खातं होती.

आत्या १९८८ साली गेली. मागच्या वर्षी मी त्या परड्यात गेलो होतो. विहिरीवर लोखंडी जाळी आहे, आत पाणबुडी पंप. आतेभाऊ सांगत होता की वरच्या पायऱ्या ढासळल्या, त्या काढून कठडा बांधून घेतला. चार पायऱ्या म्हणजे नेमकं किती फूट, ते आता मोजता येणार नाही.

परतताना माझ्या जुन्या धरणावरही थांबलो. पेन, पिंप, कागद काही उरलेलं नाही. त्या जागी एक बंद पेटी आहे. ती दर पंधरा मिनिटांनी एक आकडा थेट मुख्यालयाला पाठवते. तिथल्या तरुण अभियंत्याला मी विचारलं, की मधल्या पंधरा मिनिटांत पाणी वरखाली झालं तर? तो म्हणाला, "काका, ते सरासरीत जातं." मग त्यानं मला चहा पाजला आणि फराटा कसा दिसायचा, ते एका कागदावर काढून दाखवायला सांगितलं.